लोखंडाला कंठ फुटतो तेव्हा

खंडेनवमीला आपण घरातल्या विळीला, अडकित्त्याला आणि दारातल्या स्कूटरला झेंडूचे फूल वाहिलेत ना? वाहिले असणारच. दरवर्षी घरातला एखादा कॉलेजात जाणारा चिरंजीव या प्रकाराला हसतो आणि ‘यंत्राला कसला आला आहे देव!’ असे म्हणून आजीचा रोष ओढवून घेतो. या चिरंजीवाने एकदा बाली बेटावर जाऊन यावे, म्हणजे आपली आजी एकटी नाही हे त्याच्या ध्यानात येईल. बालीतल्या एका जुन्या पंचांगाचे चक्र २१० दिवसांचे आहे. त्या चक्रात ‘तुंपेक लांदेप’ नावाचा एक दिवस येतो. लांदेप म्हणजे धारदार. हा धातूच्या हत्यारांचा सण. पूर्वी त्या दिवशी कट्यारींना आणि भाल्यांना नैवेद्य दाखवीत. हल्ली त्यांच्या जोडीला मोटारसायकली आणि मोटारीही नारळीच्या पानांच्या तोरणांनी सजतात. समुद्रापलीकडेही दसरा आहे म्हणायचा!

पण आज मला सांगायची आहे ती गोष्ट लोखंडाच्या धारेची नव्हे, आवाजाची. बालीच्या पूर्व भागात कारांगासेम नावाचा जिल्हा आहे आणि त्यात तेंगानान हे जुन्या चालीरीती जपणारे एक गाव आहे. लुगड्यांची पारख असलेल्या भगिनींना हे गाव वेगळ्याच कारणासाठी आवडेल. आपल्या पाटणच्या पटोळ्यासारखे, उभे आणि आडवे दोन्ही धागे आधी रंगवून मग विणलेले कापड तिथे तयार होते. तर या तेंगानानमध्ये ‘सेलोंदिंग’ नावाचा एक वाद्यमेळ आहे. बालीतली बहुतेक वाद्ये काशाची. सेलोंदिंग मात्र लोखंडाचे. लोखंडाच्या जाड पट्ट्या लाकडाच्या पोकळ खोक्यांवर चामड्याच्या वाद्यांनी टांगलेल्या असतात आणि लाकडी हातोड्यांनी त्या वाजवितात. सप्तक सात स्वरांचे. हा मेळ मेघगर्जनेबरोबर आकाशातून उतरला, असे गावकरी सांगतात. त्यामुळे तो वाटेल तेव्हा काढायचा नाही, वाटेल त्याने हात लावायचा नाही, देवळातल्या उत्सवातच वाजवायचा. आता बालीत नवी सेलोंदिंगही घडविली जातात, पण जुन्या मेळाचा मान जुन्यालाच.

हे वाचल्यावर मनात प्रश्न आला की, मग आपल्याकडे लोखंडाचे वाद्य कोणते? टाळ पाहावेत तर ते काशाचे किंवा पितळेचे. झांज पितळेची. देवळातली घंटाही बहुधा काशाची किंवा पितळेचीच. संबळ, हलगी, ढोलकी ही तर चामड्याची वाद्ये. लोखंड आपल्याकडे नांगराच्या फाळात, विहिरीच्या रहाटात आणि तव्यात. गाण्यात ते आले कुठे?

उत्तर आपल्या शाळेच्या कपाटात आहे. मुलांच्या सामानाच्या खोलीचे दार उघडा. फाटक्या फुटबॉलच्या मागे, गंजलेल्या साखळ्यांचा गुंता होऊन पडलेले जे दिसेल, तेच ते. लेझीम!

हातभर लांबीचा लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना अडकविलेली लोखंडी साखळी, साखळीच्या मध्यावर चार बोटे मावतील अशी मूठ आणि साखळीच्या कड्यांत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या. बस्स, एवढेच. दिसायला धनुष्यासारखे. आणि गंमत अशी की, ते मुळात धनुष्यच आहे! फारशी भाषेत ‘लेझम’ म्हणजे सरावाचे मऊ धनुष्य. इराणातल्या ‘जोरखाना’ नावाच्या तालमींत आजही लोखंडी धनुष्य आणि त्याला चकत्या लावलेली जड साखळी डोक्यावर धरून, ढोलाच्या ठेक्यावर डावी-उजवीकडे हलविण्याचा व्यायाम आहे. त्याला तिथे ‘कब्बादे’ म्हणतात. या जोरखान्याच्या परंपरेची २०१० साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. धनुर्धाऱ्याचे खांदे आणि दंड तयार व्हावेत म्हणून निघालेली ही युक्ती. दोरीच्या जागी साखळी आली, साखळीत चकत्या आल्या आणि व्यायाम करताकरता माणूस गाऊ लागला.

आपल्या मुलांना लेझमीचे हुकूम कोणत्या भाषेत मिळतात, हे कधी लक्ष देऊन ऐकले आहे का? ‘चार आवाज’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’! एरवी शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे ड्रिलमास्तरही इथे बिनदिक्कत हिंदुस्थानीत ओरडतात. तालीम, उस्ताद, वस्ताद, लेझीम हे शब्द एकाच पडावातून उतरलेले आहेत. आमच्या अहमदपूरच्या माणसांना याचे नवल वाटू नये. हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातून आलेल्या बीदर जिल्ह्यात होते, मग त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. जिल्हे बदलले, बोलीतले फारशी शब्द मात्र जागेवरून हलले नाहीत.

या देवघेवीची दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. नांदेडच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचे एक लहान गाव आहे. तिथले कारागीर मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालून, मुशीचे तोंड लिंपून, अहोरात्र भट्टी पेटती ठेवून पोलाद काढीत. हेन्री व्हॉयसी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही कृती पाहून लिहून ठेवली आणि त्याच्या मृत्यूनंतर ती १८३२ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. त्याला तिथे कोण भेटावे? पोलाद विकत घेण्यासाठी इराणातल्या इस्फहानहून आलेला व्यापारी! म्हणजे गोदावरीकाठच्या मुलखातून पोलाद इराणला जात होते आणि इराणकडून लेझीम हा शब्द आपल्याकडे आला. सौदा काही वाईट झाला नाही.

पुढे लेझमीने तालमीचा उंबरठा ओलांडला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) देशी व्यायामांना शिस्त दिली, शिक्षक तयार केले आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले पथक तिकडे नेऊन देशी खेळ जगाला दाखविले. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडच्या उद्घाटनात महाराष्ट्राचे लेझीम पथक होते. सोलापूरची गणपतीची मिरवणूक तर लेझमीवाचून पुढे सरकत नाही. २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी सांगलीत सात हजारांहून अधिक मुलामुलींनी एका वेळी लेझीम खेळून विक्रम केला. सात हजार दांडे, सात हजार साखळ्या आणि एकच ठोका!

लेझीम घडते कशी, हे पाहण्यासारखे आहे. आता बहुतेक लेझमी कारखान्यातून येतात आणि क्रीडासाहित्याच्या दुकानात डझनाने मिळतात. परंतु तुटलेली लेझीम दुरुस्त करायची तर कारखाना काही गावात येत नाही. तेव्हा आठवण होते ती रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याची.

एका शाळेचे गुरुजी वीसेक मोडक्या लेझमी पोत्यात भरून अशाच एका पालापाशी गेले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. जमिनीत खळगा करून केलेली भट्टी, तिला वारा घालणारा भाता आणि मातीत रोवलेली ऐरण, एवढा कारखाना. पुरुष बसून सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीने जिथे घाव हवा तिथे टिचकी मारतो. त्याची कारभारीण उभी राहून, पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी घण उचलून नेमका तिथेच घाव घालते. टिक् आणि धाड, टिक् आणि धाड. हातोडी सांगते, घण ऐकतो. मधेच लोखंड फिरवायचे असले की हातोडी नुसती ऐरणीवर वाजते आणि घण हवेतच थांबतो. तोंडाने एक शब्द नाही. तबलजी आणि गवई यांची इतकी समजूत क्वचितच पाहायला मिळते.

साखळीचे काम असे. लोखंडी सळई तापवून, गोल दांड्याभोवती वळवून, छिन्नीने तोडून कडी काढायची. तिची दोन तोंडे पुन्हा तापवून ठोकून एकजीव करायची. तोंडे नुसतीच जवळ आणून सोडली, तर चार हिसक्यांत कडी उघडते आणि चकती उडून शेजारच्या पोराच्या कपाळावर बसते. चकत्या पत्र्यातून कापायच्या, बरोबर मध्यावर भोक पाडायचे आणि भोकाची काठ कानशीने घासून गुळगुळीत करायची.

गुरुजींनी एक जुनी चकती हलवून दाखविली. ती हललीच नाही. ‘ही वाजत नाही बघा, ताई,’ ते म्हणाले.

घण खाली ठेवून ती बाई चकतीकडे पाहत म्हणाली, ‘गंजलीया ना, गुरुजी. भोक तंग झालं की चकती मुकी होती. आन् लई ढिलं झालं की नुसती बडबड करती. पावसात खेळल्यावर पुसून ठिवत जावा की!’

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हेच दोन पानांत सांगितलेले असते. धातूची चकती वाजते म्हणजे थरथरते. पण ती सगळीच सारखी थरथरत नाही. मुख्य कंपनात तिचा मध्य स्थिर राहतो आणि कडा हलतात. म्हणून चकती मध्यावर धरावी, कडेवर नव्हे. आपल्या टाळाची दोरी मधोमध असलेल्या भोकातून काढतात, तीही याच कारणाने. सेलोंदिंगच्या लांब पट्टीत अशा स्थिर जागा दोन असतात. लांबीचे शंभर भाग केले, तर दोन्ही टोकांपासून बाविसाव्या भागाच्या जवळपास. बालीचा कारागीर चामड्याची वादी नेमकी तिथेच बांधतो आणि पट्टी निर्वेधपणे गात राहते. स्वर चढवायचा असेल तर पट्टीची टोके घासायची, उतरवायचा असेल तर मधला भाग पातळ करायचा. हे ज्ञान त्या कारागिरांच्या हातांत होते. गणित त्याला पुढे येऊन मिळाले.

मग आपल्या लेझमीची चकती सेलोंदिंगसारखी घुमत का नाही? कारण तिला एकटीला वाजूच देत नाहीत. ती शेजारणीवर आपटते, वाजते आणि शेजारणीलाच टेकून गप्प होते. म्हणून तिचा आवाज घुमणारा नाही, तुटक आहे: छन्! तिला स्वर नाही, पण ताल ठोकायला अशा तुटक आवाजासारखे दुसरे काही नाही. घुमणारी वाद्ये शंभर जणांनी वाजविली आणि एखाद्याचा हात चुकला, तर ते त्या घुमण्यात खपून जाते. लेझमीत ते खपत नाही. शंभर जणांतला एक मागे राहिला, तर एक ‘छन्’ मागून येतो आणि सगळ्या मैदानाला कळतो. त्यामुळे लेझीम खेळणाऱ्याला शेजाऱ्याकडे कान द्यावाच लागतो.

आता माझ्या मनात जे खरे सलते आहे ते सांगतो. बालीत लोहारकाम करणाऱ्यांना ‘पांदे’ म्हणतात. आग आणि लोखंड ज्याच्या हाताशी आहे तो माणूस सामान्य नव्हे, अशी तिथली श्रद्धा. पांदे घराण्यांची स्वतःची देवळे आहेत, स्वतःचे पुरोहित आहेत. वाद्य पवित्र, तसा ते घडविणाराही मानाचा.

आणि आपल्याकडे? गावच्या बारा बलुतेदारांत लोहाराला जागा होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या पुस्तकात या व्यवस्थेचे बारकाईने केलेले वर्णन आहे. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. पण घिसाडी हा भटका. त्याला गावही नाही आणि खळ्यावर वाटाही नाही. राजस्थान-गुजरातकडून आल्याचे ही मंडळी सांगतात, घरात तिकडच्याच वळणाची बोली बोलतात. सरकारी यादीत त्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. त्यांनी घडविलेल्या खुरप्याने शेत निंदले जाते, त्यांनी जोडलेल्या साखळीवर शाळेची कवायत चालते आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्यांचे पोर कुंपणाबाहेर उभे राहून आत पाहत असते.

अहमदपुराहून नांदेडच्या रस्त्याला लागले की पुढे एक तालुक्याचे गाव येते. त्याचे नावच लोहा! त्याच तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार, कुस्त्या, लावण्या. भटक्या जमाती तिथे दूरदुरून येतात. वाघ्याची दिमडी आणि मुरळीची घाटी ऐकू येते. खंडोबाच्या नावाने लोखंडी साखळी हिसक्याने तोडण्याचा विधी असतो. त्याला ‘लंगर तोडणे’ म्हणतात. विचार करा, त्या साखळीची प्रत्येक कडी कुणा लोहाराने आधी जोडलेली असते. तोडणाऱ्याचा जयजयकार होतो. जोडणारा कुठे आहे, हे कुणी विचारीत नाही.

दुसरे सल मिरवणुकीचे. हल्ली ट्रकवर भिंतीएवढे कर्णे रचून जो गोंगाट चालतो, त्याने घरातल्या तान्ह्या मुलांची आणि म्हाताऱ्यांची काय अवस्था होते, हे वाचकांना मी सांगायला नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. कागदावर. बरे, या गोंगाटाला माणूस लागतो किती? बटण दाबणारा एक. बाकीचे नुसते हात वर करून हलत असतात. लेझीमही काही कुजबुजत नाही. पण तिचा आवाज खेळणाऱ्याच्या दंडातून निघतो आणि दंड दमला की आपोआप थांबतो. लेझमीत पन्नास मुले असली तर पन्नासांचे काम असते. त्यात मुलीही आल्या, गोरीही आली, काळीही आली, सावकाराचे आले आणि मजुराचेही आले. चकती सगळ्यांची एकाच पत्र्याची.

म्हणून, वाचकहो, दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या की स्नेहसंमेलनांचे दिवस येतील, त्याआधी दोन-चार गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. आपण शाळेच्या समितीवर असाल, तर सामानाच्या त्या खोलीचे दार एकदा उघडवावे. लेझमी बाहेर काढून झटकाव्यात. गंज पॉलिश-कागदाने खरवडून, साखळीला तेलाचा हलका हात फिरवून लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. तेल राहिले तर धूळ चिकटते आणि चकत्या जड होतात. उघडलेली कडी पकडीने दाबून वेळ मारून नेऊ नये, ती आगीत जोडून घ्यावी. लहान मुलांना हलकी लेझीम द्यावी. नवी घेताना चकतीच्या भोकावरून बोट फिरवून पाहावे. बोटाला बोचली तर ती साखळीलाही बोचणार. आणि ओल्या मैदानावर खेळ झाला, तर लेझमी कपाटात टाकण्याआधी पुसून, उन्हात टांगून ठेवाव्यात.

मोडलेल्या लेझमी भंगारात घालू नका. रस्त्याच्या कडेचे पाल शोधा. तो मागेल ती मजुरी घासाघीस न करता द्या. दुकानातल्या नव्या लेझमीची किंमत विचारताना आपण घासाघीस करीत नाही, हे लक्षात ठेवा. पालातले पोर शाळेच्या वयाचे दिसले, तर गुरुजींच्या कानावर घाला. शाळेत नाव घालायला त्याला मुक्कामाचे गाव असलेच पाहिजे, असे नाही. आणि संमेलनाच्या दिवशी, पाहुणे, अध्यक्ष आणि देणगीदार यांच्या रांगेत दोन खुर्च्या जास्त मांडा. एक हातोडी धरणाऱ्याला आणि एक घण उचलणारीला. ती दोघे पहिल्या ‘चार आवाज’ला माना डोलावतात की कपाळाला आठ्या घालतात, एवढेच पाहा. आपले पथक खरोखर एका ठोक्यात खेळते आहे की नाही, याचा निकाल त्यांच्याइतका अचूक दुसरा परीक्षक देणार नाही.